रविवारी दुकान बंद

परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरणे हा आपल्या बेळगावात एक घरगुती सोहळाच असतो. शेजारून वजनकाटा येतो. शेंगांची चटणी, गुरेळ्ळाची चटणी, ब्याडगी मिरचीचे तिखट, मेतकूट, सांडगे, लोणचे असे एकेक जिन्नस पिशव्यांत गुंडाळून आत जातात. काटा तेवीस किलोंच्या पुढे सरकला की मुलाचा स्वेटर बाहेर निघतो, चटणी निघत नाही! आणि मावशी, आत्या, शेजारच्या अक्का अशा सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "तिकडं तुला करून कोण घालणार रे?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बॅगेत मावत नाही. आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेली मुले जर्मनीला किंवा आयर्लंडला निघताना भेटायला येतात आणि विचारतात, "सर, काय काय नेऊ?" आम्ही वर्षभर जर्मनीत संसार करून आलो, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. त्यांना जे तुकड्या-तुकड्यांनी सांगतो, ते आज सलग लिहितो. त्यातून निघणारी एक गोष्ट मात्र जर्मनीची नाही, आपल्या गल्लीतली आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

आम्ही २०२२ च्या ऑगस्टपासून पुढचे वर्षभर स्टुटगार्टला होतो. सौ. इंजिनिअर आहे. तिच्या कंपनीने तिला तिकडे पाठवले. मी विनावेतन रजा घेतली. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. बाहेरची नोकरी सौ.ची, घरातले सगळे माझे, असा सरळ हिशेब ठरला. स्वयंपाक मला थोडाफार येत होता. पण एखादा दिवस हौसेने बटाट्याची भाजी करणे वेगळे आणि तीनशे पासष्ट दिवस घर चालवणे वेगळे.

बॅगेचे नियम

आधी बॅगेचे पाहू. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच ठेवायचे. आपला कुंदा तर खव्याचाच. तो मिठाई म्हणून सुटेल की दुधाचा पदार्थ म्हणून अडेल, हे बॅग उघडणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून. तेव्हा कुंदा विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांनीच खावा, हे उत्तम. ताजी फळे आणि भाज्या यांनाही २०१९ च्या डिसेंबरपासून प्रमाणपत्र लागते. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन एवढी पाच फळे वगळली आहेत. नारळ चालतो, पण ताजा कढीपत्ता प्रमाणपत्राशिवाय चालत नाही.

मसाले, तिखट, कोरड्या चटण्या न्याव्यात. डाळ-तांदळाने वजन वाढवू नये, ते सगळे तिकडे मिळते. कुकर न्यायचा तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा न्यावा. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. आणि एक चांगली पोळपाट-लाटण्याची जोडी. बाकी जे न्यायचे ते हातात आणि डोक्यात.

पीठ, चूल आणि फोडणी

तिथल्या दुकानात गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. नवखा माणूस किंमत समजून दचकतो. शंभर ग्रॅम कोरडे पीठ जाळले तर मागे किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. राख कोंड्यातल्या क्षारांची, म्हणून आकडा जितका मोठा तितका पिठात कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याच्या जवळचे. पोळीला ५५० नंबरचे आणि पूर्ण गव्हाचे अशी दोन पिठे निम्मी-निम्मी मिसळली की काम भागते. भारतीय दुकानात आपली कणीक मिळते, पण ते दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तर हा उपाय बरा.

ज्वारीचे मात्र वेगळे. साध्या दुकानात 'हिर्से' या नावाने पिवळे बारीक दाणे मिळतात. ते आपल्या राळ्याच्या, म्हणजे कन्नडमधल्या नवण्याच्या, भावकीतले. त्यांची भाकरी होत नाही. ज्वारीचे पीठ मला आफ्रिकी लोकांच्या दुकानात मिळाले. आधी नवल वाटले, पण त्यात नवल काहीच नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी तिथून ती आपल्याकडे आली आणि आपली 'जोळद रोट्टी' झाली. हे दुकानातले पीठ जुने असायचे, त्यामुळे भाकरी कडेला चिरायची. आधणाच्या पाण्यात पिठाची उकड काढून मग मळले की ती धड उतरते.

आमच्या भाड्याच्या घरातली शेगडी विजेची, काचेच्या सपाट तुकड्याची. ती सावकाश तापते आणि तितकीच सावकाश निवते. आपल्याकडे मोहरी तडतडली की गॅस बंद करायचा, संपले. तिथे शेगडी बंद केली तरी मोहरी जळतच राहते, म्हणून कढई उचलून बाजूला ठेवायची. फुलक्यासाठी जाळीचा स्टँड घ्यायचा. खोल्यांत आणि बोळात छताला धुराचा इशारा देणारी डबी असते. फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडायची, नाहीतर लसणाच्या फोडणीला सगळी इमारत जिन्यात येऊन उभी राहते! आणि कोट आधी कपाटात. लोकरीच्या कोटाला हिंगाचा वास लागला की तो आठवडाभर सोबत करतो.

थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या, ही तिथली रीत. आत कुकरची वाफ आणि वाळत घातलेले कपडे, त्यामुळे भिंतींना बुरशी धरते. आईला फोनवर सांगितले, "बाहेर शून्याखाली आहे आणि खिडक्या उघड्या टाकल्यात," तर ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे न्हवं?" आपल्या आणि तिथल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. माझी संध्याकाळची भाजी आणि आईची झोपायची वेळ एकत्र यायची. 'मीठ कधी घालू' एवढ्यासाठी तिला कितीदा उठवले असेल, त्याचा हिशेब नाही.

शनिवारची धावपळ

आता मुख्य गोष्ट. जर्मनीत रविवारी दुकाने बंद. किराणा बंद, भाजी बंद, कपडे बंद. पाव विकणारी बेकरी सकाळी काही तास उघडी, रेल्वे स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची छोटी दुकाने उघडी, पण तिथले भाव पाहून भूक मरते. त्यामुळे शनिवार म्हणजे आपल्याकडचा बाजाराचा दिवसच. शुक्रवारी रात्री बसून सोमवार सकाळपर्यंतची यादी करायची. दूध किती, दही किती, कांदे आहेत का, लेकीच्या शाळेच्या डब्याला सोमवारी काय. आपल्याकडे संपले की पोराला पिटाळता येते, "जा रे, कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आण." तिथे रविवारी दूध संपले की संपले, सोमवारपर्यंत काळा चहा.

बाजाराला निघताना आठवड्याच्या रिकाम्या बाटल्या बरोबर घ्यायच्या. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयांच्या डब्यावर २५ सेंट अनामत घेतात. २००३ पासूनचा हा नियम. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली सरकवली की पावती येते आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होते. लेकीने हे खाते आपल्याकडे घेतले आणि त्यातून स्वतःची चॉकलेटे भागवली. काचेच्या बरण्यांसाठी रस्त्यावर पेट्या असतात, पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेची वेगळी सोय. त्यातही रविवारी बाटली टाकायची नाही, कारण आवाज होतो.

कोथिंबीर, पुदिना, वांगी, भेंडी, छोले यांसाठी तुर्की दुकान. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले. ती माणसे राहिली, त्यांनी दुकाने काढली आणि त्यांच्या जेवणासाठी आलेल्या कोथिंबिरीवर आज आपली मुले जगतात. कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की मला गणपत गल्ली आठवायची, एवढे मात्र खरे. श्रीखंडासाठी 'क्वार्क' नावाचा चक्क्यासारखा पदार्थ कोणत्याही दुकानात मिळतो. त्यातला ज्यावर ४० टक्के लिहिलेले असते तो घ्यावा. कापडात तासभर टांगला की श्रीखंडाला चक्क्याची उणीव भासत नाही.

जिन्याची पाळी

स्टुटगार्ट ज्या भागात आहे त्या श्वाबियाची एक खास प्रथा आहे, 'केरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा, समोरचा पदपथ साफ ठेवायचा. हिवाळ्यात सकाळी लवकर उठून बर्फही काढायचे. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. आमच्या इमारतीत एक दंतवैद्य होते, एक बसचालक, एक निवृत्त शिक्षिका आणि आम्ही. पाटी सगळ्यांच्या दारावर यायची. दंतवैद्य गुडघे टेकून पायऱ्या पुसताना मी पाहिले आहेत. झाडू कुणाच्या हातात असावा हे जिथे पिढ्यान् पिढ्या जन्मावरून ठरत आले, त्या आपल्या मुलखातून गेलेल्या माणसाला हे दृश्य बराच वेळ पाहावेसे वाटते. आपल्याकडे गाडगेबाबांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने गावे झाडली. आपण त्यांचे फोटो लावले, झाडू तेवढा दुसऱ्याच्याच हातात राहू दिला.

त्या निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तरच्या पुढे, आमच्या खालच्या मजल्यावर राहत. लेक त्यांना 'ओमा' म्हणजे आजी म्हणू लागली. मी मात्र शेवटपर्यंत 'झी', म्हणजे आपले 'तुम्ही', असेच बोलायचो. त्यांनी मला मसुरीची उसळ आणि 'श्पेट्झले' शिकवले. श्पेट्झले म्हणजे मैद्यात अंडी फोडून भिजवलेले सैल पीठ. ते एका दाबाच्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडायचे, वर तरंगले की झाले. साचा पाहून मी हसायलाच लागलो. तो आपला चकलीचा सोऱ्याच होता, नुसता लांब दांड्याचा! मसुरीत गाजर, कांदा आणि परतलेले पीठ घालतात आणि शेवटी आंबटपणाला व्हिनेगर. त्यावर श्पेट्झले. सोबत सॉसेज असते, ते आम्ही गाळले. ताटात पाहिले तर आपली वरणफळेच. आमच्या घरी त्यावर लसणाची फोडणी आणि चिमूटभर ब्याडगी तिखट पडायचे. आजींनी ते चाखले, डोळे पुसले आणि आणखी वाढून घेतले.

तिथली मसूर पन्नास-साठ वर्षांपूर्वी शेतांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. मग तिथल्या काही शेतकऱ्यांनी ती पुन्हा लावायला घेतली आणि त्या डोंगराळ भागाचे हरवलेले जुने वाण २००६ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहात सापडले. गावचे बी परदेशात जपलेले असते, ही गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना लवकर पटते.

रविवार कुणाचा?

एका रविवारी मला भाकरी थापायची हुक्की आली. परातीत पहिली भाकरी थापली, दुसरी थापली आणि दार वाजले. ओमा होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "आज रविवार आहे." तिथे रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाहीत, व्हॅक्यूम क्लीनर लावत नाहीत, गवत कापत नाहीत. शांतता ही त्या दिवशी सगळ्यांच्या मालकीची. पुढच्या भाकऱ्या प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटल्या. चवीला फरक पडला नाही, घाटाला पडला.

त्या दिवशी त्यांना विचारले, दुकाने रविवारी बंद असल्याचा त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, "माझी आई कापडाच्या दुकानात उभी असायची. रविवार होता म्हणून मला आई होती."

जर्मनीत रविवारची विश्रांती राज्यघटनेनेच सांभाळली आहे. १९१९ च्या घटनेतले ते कलम आजच्या घटनेतही कायम आहे. बर्लिनमध्ये नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकाने उघडायची मुभा दिली गेली, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. यातली मेख अशी की एकच दुकानदार रविवारी बंद ठेवील तर त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाईल. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद ठेवले तरच विश्रांती परवडते.

हे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगारांना एकत्र केले आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा आपल्या खंडोबाचा, म्हणजे कन्नड मुलखातल्या मैलारलिंगाचाही वार. तीही एका गिरणीची सुट्टी नव्हती, मुंबईच्या गिरण्यांची होती.

आपल्या गल्लीत

त्या वर्षी मी एका वहीत रोजच्या घरकामाची वेळ मांडत असे. स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजार, केरवारे, डबा. सरासरी साडेचार तास निघायची. आपल्या सरकारने २०१९ मध्ये लोक आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. पुरुषांत हे काम करणारेच मुळात चारांत एक. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास, माझ्या वहीच्या आसपासच. फरक एवढाच की माझ्या वर्षाला शेवट होता.

परत आलो तर घरी सगळे जागच्या जागी. आई स्वयंपाकघरात आणि भांडी-धुण्याला अक्का. अक्का वडगावहून चालत टिळकवाडीत येतात, आमच्यासह सहा घरे करतात. आठवड्याचे सात दिवस. रविवारी भांडी जास्त, कारण रविवारी सगळे घरी, पाहुणे, मटण, नाहीतर पुरणाचा घाट. आम्ही घरात बोललो आणि अक्कांना सांगितले की रविवारी येऊ नका, पगार तोच. आई म्हणाली, "मग भांडी?" मी म्हणालो, "वर्षभर घासलीत, हात विसरले नाहीत."

अक्कांनी ऐकून घेतले आणि हसून म्हणाल्या, "ओंद मनी सूटी कोट्र एन आगतदरी सर?" एका घरानं सुट्टी दिली तर काय होतंय? पाच घरांसाठी पहाटे उठायचेच, वडगावहून यायचेच. सुट्टी वाचली ती वीस मिनिटांची.

ओमांच्या आईच्या दुकानाचा आणि लोखंड्यांच्या गिरण्यांचा हिशेब अक्कांनी एका वाक्यात मांडला होता. सुट्टी एका घराने देऊन होत नाही.

मग मी आणि सौ. उरलेल्या पाच घरी गेलो. तीन घरे लगेच तयार झाली. त्यांनाही वाटत होते, फक्त आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न होता. चौथ्या घरी स्पष्ट ऐकून घेतले, "कशाला ओ सर नसत्या सवयी लावतासा? बुधवारी देतो की सुट्टी, रविवारी आमच्याकडं माणसं येतात." पाचव्या घरची अडचण मात्र खरी होती. दोघेच वृद्ध, आजोबा अंथरुणाला खिळलेले, मुलगा परदेशी. तिथे एक दिवसही काम थांबवता येत नाही.

त्या घरासाठी आम्ही स्टुटगार्टची पाटी आणली. म्हणजे पुठ्ठ्यावर लेकीने 'पाळी' असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले. आम्ही, शेजारचे कॉलेजला जाणारे पोर आणि समोरचे एक बँकेतले गृहस्थ अशी तीन दारे. ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या रविवारी आजी-आजोबांकडे जाऊन भांडी घासून, केर काढून यायचे. आजींना पहिल्यांदा फार संकोच वाटला. "सर, तुम्ही आमची भांडी घासायची म्हणजे काय ओ?" असे म्हणत त्या पदर खोचून मध्ये यायच्या. आता चहा टाकतात आणि मुलाच्या गोष्टी सांगतात. तो मुलगाही तिकडे आपली भांडी आपणच घासतो, हे त्यांनी मला तीनदा सांगितले आहे. सगळे सुरळीत चालते असे नाही. पाटी कधी दोन आठवडे एकाच दारावर अडकून राहते, कधी आठवण करून द्यावी लागते.

आणि ते 'रविवारी नको' म्हणणारे घर? तिथे आम्हाला पुन्हा जावे लागले नाही. पाच घरे रविवारी बंद झाल्यावर अक्कांनी स्वतःच जाऊन सांगितले की रविवारी जमणार नाही. एकाच घरावर पोट असते तर हे बोलता आले नसते. पाच घरे पाठीशी असली की सहाव्याला नाही म्हणता येते. त्यांनी दोन महिने कुरकुर केली, दुसरी बाई शोधून पाहिली, मग गप्प बसले.

रविवारी काय केलंत, असे अक्कांना एका सोमवारी विचारले. झोपल्या असतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "घरची भांडी होतीच की. पण नातीची वेणी घातली, सावकाश."

कायद्याच्या बाजूने थोडेफार घडले आहे. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामासाठी किमान वेतन जाहीर केले. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तासांच्या विश्रांतीचे कलम आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. पण आपल्या गल्लीला मान्यता द्यायला दिल्लीची गरज नाही.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी. मुलगा असो वा मुलगी, परदेशी पाठवायच्या आधी निदान सहा महिने घरचे सगळे काम त्याच्या हातून होऊ द्या. फक्त स्वयंपाक नव्हे. यादी करणे, शिळे काय उरले ते पाहणे, मोरी घासणे, कपडे वेळेवर वाळत घालणे, हे सगळे. चटणीचा डबा महिन्याभरात संपतो, हाताची सवय संपत नाही. "तिकडं तुला करून कोण घालणार?" या प्रश्नाचे खरे उत्तर "मी" हे आहे आणि ते पोराने निघण्यापूर्वी इथेच पाठ करायला हवे.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई आणखी कोणकोणत्या घरी जातात, ते त्यांना विचारा. मग त्या घरांत एकदा चहाला जा आणि सगळ्यांचा मिळून एक वार ठरवा. रविवारच हवा असे नाही, पण सगळ्यांचा एकच हवा आणि तो त्या बाईंना सोयीचा हवा. पगार कापायचा नाही. कुणाच्या घरी आजारपण असेल तर त्या घरासाठी पाळीची पाटी करा. आमच्या लेकीने लिहिलेली पाटी नमुन्याला मागितली तर जरूर देऊ.

तुमच्या गल्लीत अशी काही सोय आधीपासून असेल तर ती कशी चालते, ते 'साप्ताहिका'च्या पत्त्यावर अवश्य कळवा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. पुढच्या एखाद्या लेखात ती सर्वांसमोर ठेवू.